सायक्लॉप्स अपडेट: घोटा तुटला, खूर फाटला आणि काम झालं

मंडळी, उभा राहिला! स्टॉप-मोशनसाठी, म्हणजे जरा जरा हलवून एकेक फोटो काढत चालवायला, बनवलेला माझा क्लेचा एकडोळ्या राक्षस, सायक्लॉप्स, एकदाचा स्वतःच्या पायांवर उभा राहिला, आणि नुसता उभा नाही, चार पावलं चाललासुद्धा, तेपण पाठीमागून तारेचा टेकू न देता. मागच्या अपडेटमध्ये त्याच्या पायापुढे मी हात टेकले होते, तिथूनच पुढे सांगतो.

प्लॅन तोच आहे. ग्रॅव्हिटी फॉल्स या अमेरिकन कार्टून सिरीजच्या 'लिटल गिफ्ट शॉप ऑफ हॉरर्स' एपिसोडमधल्या 'क्ले डे' या गोष्टीला सलाम म्हणून पाच सेकंदांचा शॉट, सेकंदाला बारा फ्रेम्सने, म्हणजे साठ फोटो. हा एपिसोड आला २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि सिनेमातल्या स्टॉप-मोशन राक्षसांचा उस्ताद रे हॅरीहाउसन गेला २०१३ मध्ये, त्यामुळे मला ती गोष्ट कायम श्रद्धांजलीच वाटत आलीये. सिरीजमधल्या छोट्या मेबलला स्टॉप-मोशनच्या झटक्याझटक्याने हलणाऱ्या राक्षसांची भीती वाटते म्हणून तिचा म्हातारा नातेवाईक स्टॅन तिला हॅरी क्लेमोर नावाच्या म्हाताऱ्या इफेक्ट्सवाल्याकडे नेतो, हे सगळं खोटं असतं बाळा हे दाखवायला, आणि तो म्हातारा काय सांगतो, तर एकेक फ्रेम हलवणं फार किचकट काम आहे, मी सरळ काळी जादू केली! बाकीचे प्रेक्षक हसून पुढे जातात, आपल्याला मात्र तो जोक पार आतपर्यंत झोंबतो. गेला महिनाभर मीपण काळ्या जादूच्या अगदी जवळ पोचलो होतो.

एक तक्रार मात्र आहेच. हॅरीहाउसनची बाहुली मातीची नव्हतीच हो, आत धातूचा सांधेवाला सांगाडा आणि वर लेटेक्स, म्हणजे रबर. क्लेवाला माणूस म्हणजे विल व्हिंटन, ज्याने 'क्लेमेशन' हा शब्द ट्रेडमार्क करून घेतला आणि ज्याचा स्टुडिओ पोर्टलंडला होता, म्हणजे ऑरेगॉनमध्येच, जिथे ग्रॅव्हिटी फॉल्स हे गाव दाखवलंय. सिरीजवाल्यांनी दोघांना एकाच भांड्यात कालवलंय. गंमत म्हणून चालतं, पण 'क्ले डे' बघून कुणी हॅरीहाउसनला क्लेवाला म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आता मुद्द्याचं, घोटा. मी मूड 'क्ले डे'चा घेतलाय पण पाय थेट १९५८ च्या 'द सेव्हन्थ व्हॉएज ऑफ सिंदबाद' या सिनेमातल्या सायक्लॉप्सचे, म्हणजे बोकडाचे. हॅरीहाउसनने ते पाय मुद्दाम तसे दिले होते, कारण माणसाचे पाय दिले असते तर लोक म्हणाले असते की आत सूट घालून कुणीतरी नट चालतोय. हुशार माणूस. पण त्याच हुशारीने आमच्या नाकी नऊ आले, कारण त्या पायात गुडघा पुढे, घोटा मागे आणि सगळं वजन येतं एवढ्याशा खुरावर. माणसाच्या तळव्याला टाच असते, चवडा असतो, टेकायला जागा असते. खुराला काय असतं, काहीच नसतं.

माझं टाय-डाउन, म्हणजे बाहुलीचा पाय टेबलाला घट्ट धरायची सोय, साधं होतं, खुरात एमसीलमध्ये एक नट बसवलेला, टेबलाला भोक, खालून बोल्ट. एका बोल्टवर पाय धरला जातो पण स्वतःभोवती फिरतो. छाती जरा डावीकडे वळवली की अख्खा गडी खुरावर गिरकी घ्यायचा आणि आधीच्या फ्रेमशी काही जुळायचंच नाही. बोल्ट आवळला की फिरणं थांबायचं, मग सगळा पीळ जायचा घोट्यातल्या तारेत, आणि अ‍ॅल्युमिनियमची तार तीच तीच जागा वाकवत राहिलं की तुटते म्हणजे तुटतेच. त्यात आवाज येत नाही. तुम्ही फोटो काढता, पुढची पोज द्यायला हात लावता आणि मांडी हातात येते. एकदा तर शॉट संपायला थोडक्या फ्रेम्स उरलेल्या असताना झालं हे, आणि प्लॅस्टिसिन, म्हणजे वरची क्ले, सोलून आत नवी तार घातली की पायाचा आकार बदलतो म्हणून परत पहिल्यापासून.

ग्रुपवर काही जणांनी मॅग्नेट सुचवले होते, निओडिमियमचे, वर पत्रा आणि खाली मॅग्नेट. केलं. सरळ वर ओढलं तर ढिम्म हलत नाही पण बाजूने ढकललं की आरामात सरकतो. हलक्या बाहुलीला ठीक आहेत, माझ्या शिंगवाल्या राक्षसाला नाही. आणि एका ऑनलाइन सेलरकडून 'खास आर्मेचर वायर', म्हणजे बाहुलीच्या सांगाड्याची तार, म्हणून मागवली ती हातात घेतल्याबरोबर कळलं की ही क्राफ्टची कडक तार आहे, वाकवली की स्प्रिंगसारखी परत येते. रिटर्न टाकलंय, बघू.

शेवटी सुटलं कसं, तर रात्री दीड वाजता बोकडाच्या पायाचे फोटो झूम करून बघत बसलेलो. बोकडाचा खूर दुभंगलेला असतो! दोन बोटं आहेत त्याला! म्हणजे प्रत्येक बोटात एकेक नट, प्रत्येक पायाला दोन बोल्ट, आणि दोन बोल्टवर वस्तू फिरूच शकत नाही, शाळेतल्या पोरालाही कळेल. दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत जाऊन सगळ्यात बारीक नट-बोल्ट घेतले, दुकानातले काका म्हणाले, "चष्म्याला पाहिजेत का?" मी म्हटलं, "नाही काका, राक्षसाला." त्यांनी वर न बघता मोजून दिले.

तुटण्यावर इलाज वेगळा केला. घोट्याच्या वर चौकोनी पितळी नळीचा तुकडा बसवलाय आणि त्यात बसेल अशी त्याहून बारीक नळी खुराच्या तारेवर. तुटली तार की खूर उपसायचा, दुसरा खोचायचा, मांडीला हात लावायचा नाही. नळी चौकोनीच घ्या, गोल घेतलीत तर परत गिरकी.

डोळापण मस्त झालाय. पांढरा काचेचा मणी, भोकाभोवती रंगवलेलं बुबुळ, आणि भोकात टाचणी घालून डोळा फिरवायचा म्हणजे पापणीच्या क्लेवर बोटांचे ठसे उठत नाहीत. एवढ्याशा वळण्याने चेहऱ्यावर विचार आल्यासारखा वाटतो, मी तोच तुकडा कितीतरी वेळ लूपवर बघत बसलो.

लाइटचं फ्लिकर अजून थोडं आहे. सगळं मॅन्युअलवर आहे, पडदे बंद, शटर पन्नासावर, तरी फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की एक फ्रेम काळवंडते. आता शूटच्या वेळी फ्रीज बंद ठेवतो, आईला सांगू नका.

आणि हे टाइप करता करता सुचलं, खूर उपसता येतात तर सगळे एकाच आकाराचे कशाला? एक सपाट, एक उचललेला, एक टोकावर टेकलेला असे तयार ठेवले की चालताना तार वाकवायलाच नको, फक्त बदलायचे. म्हणजे यानंतर करणार होतो ती सांगाड्यांची तलवारबाजी आता पुढे ढकलतो. 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' या सिनेमातल्या त्या सात सांगाड्यांच्या मारामारीला खुद्द हॅरीहाउसनला साडेचार महिने लागले होते, मी दोनच करणार होतो पण ते आता दिवाळीनंतर.

त्यापेक्षा शेवट बदलतोय. साठ फ्रेम्स झाल्या की वरून अ‍ॅनिमेटरचा हात येतो, खुरांचे बोल्ट काढून घेतो, एकडोळ्या त्या हाताकडे बघतो आणि तसाच चालत फ्रेमबाहेर जातो. क्लेमोरची काळी जादू, बस्स. अजून दोन सेकंद, चोवीस फोटो. प्रश्न एवढाच की माझा खरा हात इतका वेळ स्थिर राहणार नाही, तर कुणाकडे कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याचा सुटा हात पडलाय का? उजवा पाहिजे, बोटं थोडी वाकलेली असतील तर उत्तम, पुण्यात असाल तर मी येऊन घेऊन जातो.