घारापुरीला आई-वडिलांना नेताय? आधी तिथी बघा

घारापुरीची लेणी बघायचा बेत ठरला की सगळे एवढंच सांगतात: सोमवारी बंद असतात, गेटवेहून लाँच मिळते, जायला तासभर लागतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन गेल्यावर ना उन्हाने अडलं, ना वरच्या सव्वाशेएक पायऱ्यांनी. अडलं ते लाँचमध्ये चढता-उतरताना. त्याबद्दल प्रवासाच्या माहितीत कुठे एक ओळ नसते, आणि याचा राग मला अजून आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, मुंबई बंदरात भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. घराच्या एका मजल्याहून जास्त. धक्का जागचा हलत नाही, लाँच मात्र पाण्याबरोबर वरखाली होते. पाणी भरलेलं असेल तर वरच्या पायऱ्यांवरून सरळ आत पाऊल टाकता येतं. ओसरलेलं असेल तर अगदी खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरावं लागतं, आणि त्या पायऱ्या रोजचे कित्येक तास पाण्याखाली असतात. त्यांच्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ धरतं. भरीला गर्दीच्या दिवशी लाँचा एकीला एक लावून बांधतात. आपली लाँच पलीकडची असेल तर आधी अलीकडच्या लाँचमध्ये चढायचं, तिच्यातून आडवं जायचं आणि दोन हलत्या कडांमधली फट ओलांडायची. तरुण माणसाला याचं काही वाटत नाही. सत्तरीच्या माणसाचा मात्र तिथेच धीर सुटतो, मागची रांग ढकलत असते, आणि सगळा दिवस त्या एका पावलावर अडून बसतो.

यावरचा उपाय कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. अष्टमीला सहा वाजता. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे पूर्ण ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ हवी असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं.

आता हे दिवसाला लावून बघा. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यानंतरच्या प्रतिपदेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. सकाळी साडेनऊला पाणी चढतं असतं, साडेतीनला उतरतं पण अजून निम्म्यावर असतं. दोन्ही वेळा सोयीच्या, मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रेंगाळू नका. सहा-साडेसहाला पाणी पार तळाला जातं. संकष्टीच्या सुमाराला उलटं होतं, सकाळी नऊलाच पूर्ण ओहोटी. लवकर निघायच्या हौसेने पहिली लाँच गाठाल तर शेवाळावरून चढाल. अकराची घ्या, तोवर पाणी बरंच वर येतं. द्वादशी-त्रयोदशीला जाताना सुख, पण परतीच्या तीन-चार वाजता ओहोटी. वयस्कर माणसांना त्या दोन दिवशी मी नेणार नाही. महाशिवरात्रीलाही नाही: वद्य चतुर्दशी असल्याने ऐन परतीच्या वेळी पाणी ओसरलेलं असतं, त्यात यात्रेची गर्दी. सगळ्यात निवांत दिवस भांगाचे, म्हणजे अष्टमी-नवमीचे. तेव्हा भरती-ओहोटीतला फरकच जेमतेम दीड-दोन मीटरचा असतो, कुठलीही लाँच चालते.

प्रत्यक्ष चढताना हात रिकामे हवेत. पिशवी पाठीवर, काठी आणि पर्स बरोबरच्या माणसाकडे. चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. खलाशी हात पुढे करतो, त्याचा पंजा न धरता मनगट धरा, घामाने पंजा निसटतो. लाँच लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. आणि "आम्हाला वेळ लागेल" हे खलाशाला आधीच सांगा. सांगितलं की तो रांग थांबवून धरतो, हे मी बघितलंय. लाइफ जॅकेट घालायचंच, बसल्यावर लगेच.

परतीचं तिकीट जपून ठेवा. घारापुरीहून शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास सुटते, पण तिच्यावर विसंबू नये. तेव्हा जेटीवर सगळं बेट उभं असतं. दुपारी खाडीवर वारा वाढतो, म्हणून परतताना खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसावं, हेलकावे कमी लागतात.

लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना माफ. ग्रामपंचायतीचा कर वेगळा, त्यासाठी सुटे पैसे ठेवा. जेटीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, तिच्यात बसा. गुडघ्यांची ताकद पायऱ्यांसाठी राखावी. पायऱ्या नकोच असतील तर डोली मिळते. भाव बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊनचा.

खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नका, माकडं थेट तिच्यावर झडप घालतात.

मुख्य लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे 20 फूट उंचीची त्रिमूर्ती आहे, तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर. बहुतेक लोक इथे फोटो काढून परत फिरतात. पश्चिमेच्या बाजूचा शिव-पार्वती विवाह चुकवू नका: लग्नाला उभ्या पार्वतीची मान किती हलकेच झुकली आहे ते जवळून बघा. वरच्या आवारातलं छोटं संग्रहालय मात्र लेण्यांच्या आधी बघावं, नंतर कुणाच्या पायात जोर उरत नाही.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो बेटावर शोधू नका. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, आणि 1914 मध्ये तुकडे जोडून उभा केला. आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, बुधवार सोडून.