तुम्ही विचारलंत म्हणून: कौलं का उतरवलीत?

भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट दाखवून तुम्ही विचारता, 'एवढं छान कौलारू घर, का हो पाडलंत?' त्याआधी विचारलेलं असतं, 'एसी चालतो ना?' उघड्या वाशांखाली एसी लावला तर खोली सोडून सगळं गार होतं. जुन्या घरात निवास-न्याहारीच्या दोन खोल्या होत्या तेव्हा वरून पाल पडली म्हणून रात्री अकराला बॅगा उचलून गेलेलं कुटुंब मी पाहिलंय. जाताना तेही म्हणाले होते, घर मात्र सुंदर आहे.

चिडून बोलतोय, कळतंय मला.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. गणपतीतल्या हस्तलिखितात 'सिमेंटचे खोके' असा लेख लिहिला. रोख शेजारच्या दादावर होता. दुबईच्या पैशांतून वाडीतली पहिली स्लॅब त्याने टाकली होती. त्याने तो वाचला आणि दोन वर्षं आमच्या गणपतीला आला नाही.

आता १६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. आदल्या रात्रीपासून वारा होता, लाईट गेलेली. सकाळी समुद्राकडच्या अंगाची कौलं पत्त्यांसारखी उचलायला लागली. आधी एकेक, मग ओळच्या ओळ. माजघरात पाणी, त्यात कौलांचे तुकडे, आणि खाटेवर आई, कंबरेचं हाड मोडून चार महिने झालेली. मी तिला उचलायला गेलो तर म्हणाली, "झिला, आदी देव हलव." मी देव टोपलीत घातले. तेवढ्या वेळात पडवीवरचा माड आडवा झाला. ती टोपली आईच्या मांडीवर, आई प्लास्टिकच्या खुर्चीत, खुर्ची मी आणि मुलाने धरलेली, वर ताडपत्रीचा तुकडा. असे आम्ही खळ्यातून निघालो. जायचं कुठे हे कुणी बोललं नाही. वाडीत स्लॅब एकच जवळ होती. दादा दारातच उभा होता. खुर्चीचा एक पाय धरत म्हणाला, "चल रे, आमच्या खोक्यात."

चोवीस वर्षं त्याने ते वाक्य जपून ठेवलं होतं की त्या क्षणी सुचलं, मी विचारलेलं नाही. अकरा दिवस त्यांच्याकडे जेवलो.

नंतर मंगलोरी कौलं मिळेनात, हे मी सगळ्यांना सांगतो. लॉकडाऊन होता, सगळ्या किनारपट्टीला एकदमच कौलं हवी होती. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला येणारा माणूस सत्तरीचा, त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. माकडांचा त्रास तर विचारू नका. हे सगळं खरं. पण जुलैत कौलं मिळायला लागली होती, हे मी सांगत नाही. तोवर कागदावर वरच्या मजल्याच्या दोन खोल्या काढून झाल्या होत्या. त्या खोल्यांमुळे माझा मुलगा आज गावात आहे. तो लेख लिहिणाऱ्या पोराला मी हेच सांगतो. तो विचारतो, गावात राहिला, पण कुठल्या गावात? त्याला काय, त्याला कर्ज फेडायचं नव्हतं.

फणसाचे चार खांब टेम्पोवाल्या जुन्या-सामानवाल्याला दिले. दोन वर्षांनी एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात दिसले, पॉलिश केलेले. आमच्या खांबावर मी लहानपणी कोयतीने काढलेली खूण आहे, म्हणून ओळखला. खोलीचं भाडं विचारलं आणि निघून आलो.

आणि स्लॅब? तिसऱ्या पावसाळ्यात झिरपायला लागली. गेल्या एप्रिलमध्ये वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले, वाडीत आता सगळेच घालतात. फोटोत घर कसं दिसतं ते मला सांगू नका. जोराच्या सरीत पत्र्यांचा एवढा आवाज होतो की वरच्या मजल्यावर फोनवरचं ऐकू येत नाही. आई खालीच असते. तिला विचारलं, झोप लागते का? म्हणाली, पाऊस कळत नाय.