अर्जनवीस

सोमवार, रात्री साडेदहा

गुरुवारी इंटर्नशिपची मुलाखत आहे, तिच्या तयारीचा मॉक इंटरव्ह्यू चांगला झाला. इंडेम्निटी आणि गॅरंटीतला फरक विचारला, मी करार कायद्याची कलम १२४ आणि १२६ न अडखळता सांगितली. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये ही अट टिकते का, तर कलम २७. मग सराव घेणारी ताई म्हणाली, घरच्यांबद्दल सांग. माझ्या तोंडून निघालं, "माय फादर इज इन लीगल डॉक्युमेंटेशन."

ताई म्हणाली, "छान! अस्संच सांग गुरुवारी."

तेव्हापासून ते 'छान' डोक्यातून जात नाहीये.

अण्णा अर्जनवीस आहेत. खोटं मी बोलले नाही, कागदपत्रंच करतात ते. पण तो शब्द काढताना मला पक्कं माहीत होतं की ऐकणाऱ्याला एसी ऑफिस दिसेल, अंबडच्या तहसीलबाहेरचं पत्र्याखालचं टेबल दिसणार नाही. दिसू नये म्हणूनच तर मी तो शब्द घेतला.

अकरा लॉ फर्मना सीव्ही पाठवला होता. दोनच उत्तरं आली, त्यातलं एक नकाराचं. ज्यांच्या घरात वकिली आहे त्यांची इंटर्नशिप एका फोनवर ठरते, आणि मी एका पानाच्या सीव्हीत कुठली ओळ वर घ्यायची यात आठवडा घालवते. मुंबईत महिनाभर राहायचं म्हणजे खोलीचं भाडं... तो विषय आज नको. आईशी झालेलं बोलणंही नको.

पण डॉक्युमेंटेशन! अण्णांनी ऐकलं असतं तर?

शाळा सुटली की मी त्या टेबलाजवळ बसायचे. वारसाचा अर्ज, फेरफारावरची हरकत, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ ची वाटणी. अण्णा लिहून झालं की सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हातारी माणसं मान हलवायची, तरी अण्णा विचारायचे, "पूर्वेला कोणाचं शेत म्हणलो मी?" बरोबर उत्तर आलं की मगच अंगठा. अंगठ्याची शाई म्हाताऱ्या बाया आपल्या केसांना पुसायच्या. 'वाचून पाहिले, समजून घेतले' हे वाक्य प्रत्येक दस्ताच्या शेवटी असतंच, पण ते खरं करून घेणारा माणूस मी त्या टेबलावर पाहिला. आणि मजकुराखाली जागा उरली की अण्णा पट्टी धरून तिथं आडवी रेघ मारायचे, मागून कुणी ओळ घुसवू नये म्हणून. मी आजही वहीत तशीच रेघ मारते.

गुरुवारी ज्या टीमसाठी बोलावलंय ती सोलर कंपन्यांसाठी जमिनींचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासते. आपल्या मराठवाड्यातल्याच जमिनी. नुसता सातबारा बघून इथं भागत नाही. १९५४ चं खासरापत्रक, म्हणजे शेतवार जुनी नोंद, काढावं लागतं, जमीन इनामी म्हणजे पूर्वी इनाम मिळालेली आहे का बघावं लागतं, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यात कुणाचं नाव लागलंय ते बघावं लागतं. निजामाच्या वेळचा कागद निघाला तर तो उर्दूत. यातलं कॉलेजात मला फार थोडं शिकवलं. बाकी सगळं त्या पत्र्याखाली. म्हणजे जे माझ्याकडे खरोखर आहे तेच मी झाकून ठेवत होते आणि वर पाठ केलेली कलमं मांडत होते.

ड्राफ्टिंगची आवड कशी लागली, या प्रश्नाचं उत्तर आज पुन्हा लिहिलं. आधी मूट कोर्टापासून, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यापासून, सुरुवात होती, ती खोडली. आता पहिलं वाक्य आहे: माझे वडील तहसीलबाहेर अर्जनवीस आहेत. इंग्रजीत पिटिशन रायटर म्हणतात, पण मी आधी आपलाच शब्द सांगणार आणि मग अर्थ सांगणार. नाही आवडलं त्यांना तर नाही. चौथ्यांदा लिहूनही उत्तर दोन मिनिटांत बसत नाहीये. रेघेची गोष्ट काढली तर बसेल, पण ती मला काढायची नाही.

मघाशी अण्णांचा फोन आला होता. पाचशेचे स्टँप संपलेत, उद्या जालन्याला जाऊन आणायचेत, असं काहीबाही सांगत होते. मग म्हणाले, "गुरुवारी किती वाजता हाय तुझं?"

"साडेअकराला."

"बरं. त्या टायमाला मी कोणाचं काम घेत नसतो मग."

गुरुवार अंबडच्या बाजाराचा. तहसीलला सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी असते.