चोरवाटेने गुराख्याच्या डोंगरावर

"बुटात कुठेही गरम वाटायला लागलं की लगेच सांगायचं. फोड आल्यावर सांगून उपयोग नाही," गाईडबाईंनी निघतानाच तंबी दिली. मी ताईकडे बघून डोळे मिचकावले. पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकलेय मी, मला कसले फोड येणार!

ताई ग्लासगोला राहते. तिनेच स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगररांगेतली ही दिवसभराची वाटचाल ठरवली होती. लॉख अन एलन तळ्यापासून रॉथीमर्कसच्या जंगलातून लॉख मॉर्लिखपर्यंत, तिथून पुढे एक खिंड आणि एक डोंगर. वीसेक किलोमीटर. 'लॉख' म्हणजे तळं, हे पहिल्या दहा मिनिटांत पाठ झालं. लॉख अन एलनच्या मधोमध एका पडक्या गढीच्या भिंती थेट पाण्यातून वर आल्यात. पूर्वी इथली पाइनची झाडं तोडून ओंडके स्पे नदीतून समुद्रापर्यंत सोडत. त्यासाठी हे तळं अडवून पाणी साठवायचे.

जंगल मात्र मी कल्पना केली होती तसं अंधारं नव्हतं. पाइन एकमेकांपासून फटकून उभे, त्यांच्या साली वरच्या बाजूला तांबूस, खाली जांभळ्या हेदरची आणि ब्लेबेरीची गुडघाभर झुडपं. वाटेकडेला पाइनच्या सुयांचा कमरेइतका ढीग होता आणि तो हलत होता. मुंग्यांचं वारूळ! बाईंनी तळहात वारुळावर क्षणभर धरला आणि माझ्या नाकाशी आणला. झणझणीत व्हिनेगरचा वास! मुंग्या चिडून आम्ल फवारतात. ताईने वास घ्यायला साफ नकार दिला.

मग एक लोखंडी पादचारी पूल आला. केर्नगॉर्म क्लबने 1912 साली बांधलेला. त्यावरच्या पाटीवर गावं, मैल आणि चालायला लागणारा वेळही कोरलाय. ब्रेमार 24 मैल, 10 तास. आपल्याकडे "हे काय, टेकाडामागेच" म्हणून चार तास चालवणाऱ्या मामांची आठवण आली. याच पुलावर माझी उजवी टाच गरम लागायला लागली. मी बोलले नाही.

लॉख मॉर्लिखला चक्क वाळूचा किनारा आहे. तिथे बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. बाईंनी चटणी बोटावर घेतली, मग अर्धी बाटली पाणी प्यायल्या. तेवढ्यात मिजेस आल्या. चिलटासारख्या, पण चावणाऱ्या. वारा पडला की हजर. जेवण तिथेच आटोपलं. जवळच रेनडियरचा कळप असतो, 1952 साली मिकेल उत्सी या सामी (उत्तरेकडच्या रेनडियर पाळणाऱ्या जमातीतल्या) माणसाने स्वीडनहून आणलेल्या जनावरांचा. आम्हाला एकही दिसला नाही.

पुढच्या रायव्होन खिंडीची वाट म्हणजे जुनी चोरवाट. गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतल्या, नावाचा अर्थही 'चोरांचा रस्ता' असाच. पश्चिमेकडून येणारे टोळीवाले इथून गुरं पळवून न्यायचे. खिंडीतलं छोटं तळं खरोखर हिरवं आहे, पोपटी नाही, बाटलीच्या काचेसारखं. पऱ्या इथे कपडे धुतात म्हणून हिरवं, असं गावकरी सांगतात. ताई म्हणाली, "रंग जातोय म्हणजे कापड स्वस्तातलं."

शेवटचा डोंगर म्याल अ वूअखल्य. अर्थ विचारला तर 'गुराख्याचा डोंगर'. खाली चोरवाट, वर गुराखी! उंची 810 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जेमतेम निम्मी. पण माथ्यावर वारा असा की तिथल्या दगडी आडोशाला टेकून बसावं लागलं. खाली अख्खं लॉख मॉर्लिख आणि आम्ही दिवसभर तुडवलेलं जंगल, हातरुमालाएवढं.

उतरताना मी लंगडायला लागले, ते बाईंनी हेरलं. त्यांनी मला दगडावर बसवलं, मोजा काढला, फोड पुसला, त्यावर जाड पट्टी चिकटवली. एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन दुपारी चारचं वाटत होतं.

ताई मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. "पंधरा वर्षं सह्याद्रीत ना गं?" म्हणाली आणि माझी सॅक उचलून पुढे निघाली.