एकच टारबॉल, चार मुक्काम: पोस्टफिक्स कंपाइल करत केलेली भटकंती

बेत साधा होता. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचा एकच सोर्स (टारबॉल म्हणजे त्याची एकत्र बांधलेली फाइल) घ्यायचा आणि डेबियन, अल्पाइन (दोन्ही लिनक्स), फ्रीबीएसडी, ओम्निओएस अशा चार ऑपरेटिंग सिस्टिमवर नेऊन कंपाइल करायचा. चारही मशीन व्हर्च्युअल, त्यामुळे रिझर्व्हेशनची भानगड नाही. याच वाटेने कुणाला जायचं असेल तर हा वृत्तांत कामी यावा.

निघण्याआधी सोर्समधल्या दोन फायली वाचून घ्या. एक म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमधली 'मेकडेफ्स' नावाची शेल स्क्रिप्ट. वीट्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ साली बाहेर आलं, आणि बाकी प्रकल्पांत दिसते तशी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट त्यात आजही नाही. मेकडेफ्स 'युनेम' या कमांडला सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती विचारते आणि त्यावरून लायब्ररी, फ्लॅग ठरवते. दुसरी फाइल म्हणजे 'सिस डेफ्स' हे हेडर. मेलबॉक्सला कुलूप कसं लावायचं, एलियसची (पर्यायी पत्त्यांची) फाइल कुठे, नोंदी शोधायची टेबलं कुठल्या प्रकारची, हे सगळं त्यात सिस्टिमनुसार लिहून ठेवलंय. देश तसा वेश. कागदपत्रांत जिथे जिथे 'डीफॉल्ट: पोस्टकॉन्फ -डी पाहा' (म्हणजे डीफॉल्ट सेटिंग्ज दाखवणारी कमांड चालवा) असं लिहिलेलं असतं, त्यातली बरीच उत्तरं या हेडरमध्येच सापडतात.

चारही ठिकाणी लागू असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. नुसतं 'मेक' मारलंत तर मिळणाऱ्या पोस्टफिक्सला ना टीएलएस (एन्क्रिप्शन) येतं ना सासल (लॉगिनची सोय). 'मेक मेकफाइल्स' चालवताना यूज-टीएलएस आणि यूज-सासल-ऑथ हे दोन्ही फ्लॅग हाताने द्यावे लागतात, सोबत ओपनएसएसएलच्या लायब्ररीही. लॉगिनसाठी डोव्हकॉट (मेलबॉक्स वाचायला देणारा सर्व्हर) वापरणार असाल तर सायरसची सासल लायब्ररी लागत नाही. फ्लॅग बदलले की आधी 'मेक टायडी', मगच पुन्हा 'मेक मेकफाइल्स'. हे टाळू नका, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच राहतात.

डेबियनवर पहिलीच अडवणूक डीबी डॉट एचवरून होते. बर्कली डीबी या टेबलं साठवणाऱ्या डेटाबेसचं हे हेडर सापडलं नाही तर मेकडेफ्स पुढे जात नाही. 'लिबडीबी-डेव्ह' बसवलं की सुटका. एनआयएसचं (नेटवर्कवरून खाती वाटणाऱ्या जुन्या सेवेचं) हेडर नसल्याची तक्रार आली तर नो-एनआयएस द्या, आज कुणाला लागतंय ते? खरी गोम इन्स्टॉलमध्ये आहे. सोर्सचं डीफॉल्ट डीमनना (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामना) /यूएसआर/लिबएक्झेक/पोस्टफिक्स मध्ये टाकतं, तर डेबियनचं पॅकेज त्यांना /यूएसआर/लिब/पोस्टफिक्स खाली ठेवतं. पॅकेजवरच 'मेक इन्स्टॉल' केलंत तर एकाच मशीनवर दोन संसार थाटले जातात. म्हणून पॅकेज आधी काढा.

जुना सोर्स कंटेनरमध्ये बांधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कंटेनरमध्ये 'युनेम' बाहेरच्या यजमानाचा कर्नल सांगतं. २०११ साली लिनक्स ३ आलं तेव्हा त्याआधीच्या मेकडेफ्सला ते ओळखताच येईना, 'अनोळखी सिस्टिम' म्हणून तिने हात वर केले. आतलं डिस्ट्रो कितीही जुनं असो, मेकडेफ्सला दिसतो तो बाहेरचा नवा कर्नल.

अल्पाइनचा मुक्काम छोटा. तिथल्या पोस्टफिक्स पॅकेजातून बर्कली डीबी गेलं, आणि जुन्या मेन डॉट सीएफ या मुख्य सेटिंग फाइलमधली 'हॅश:' वाली (बर्कली डीबी मागणारी) ओळ दिसली की 'अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप' एवढंच उत्तर मिळतं. या सगळ्याचं मूळ लायसन्समध्ये आहे: २०१३ साली ओरॅकलने बर्कली डीबी एजीपीएल या जास्त कडक लायसन्सखाली नेलं आणि बहुतेक डिस्ट्रो ५.३ वरच थांबले. अल्पाइनवर नो-डीबी आणि हॅज-एलएमडीबी देऊन बांधा (एलएमडीबी हा पर्यायी डेटाबेस), मेन डॉट सीएफमध्ये डीफॉल्ट डेटाबेस टाइप 'एलएमडीबी' लिहा, एलियसच्या दोन्ही ओळी बदला आणि एलियसचं टेबल न्यूएलियसेसने आणि बाकी सगळी पोस्टमॅपने नव्याने बनवा. खरं तर नवी मांडणी करणाऱ्याने कुठेही एलएमडीबीच घ्यावं असं माझं मत.

सगळ्यात जास्त रमलो फ्रीबीएसडीवर. हेडरं /यूएसआर/लोकल मध्ये असतात, ती वाट सीसीआर्ग्ज या कंपाइलरच्या फ्लॅगमध्ये सांगावी लागते. रिझॉल्व्हर (डीएनएसमधली नावं शोधणारा भाग) लिबसी या सिस्टिमच्या सी लायब्ररीतच आहे, वेगळी लायब्ररी नको. धोका सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या जुन्या कमांडच्या जागेत आहे. इथलं /यूएसआर/एसबिन/सेंडमेल म्हणजे खरं सेंडमेल नव्हेच. ती मेलरॅपरकडे जाणारी सिमलिंक आहे, आणि पुढे कुणाला बोलवायचं ते /ईटीसी/मेल/मेलर डॉट कॉन्फ ठरवतं (१४.० पासून तिथे मूळचा डीएमए हा छोटा मेलर बसलाय). पोस्टफिक्सचं डीफॉल्ट नेमकं त्याच जागी स्वतःची फाइल ठेवतं. लिंक जाते, आणि पुढच्या बेस अपग्रेडला पोस्टफिक्सची फाइल जाते. म्हणून सेंडमेल, मेलक्यू, न्यूएलियसेस या तिन्हींचे पाथ बांधतानाच /यूएसआर/लोकल खाली वळवा आणि मेलर डॉट कॉन्फमध्ये तेच लिहा.

मेलबॉक्सवर दोन प्रोग्रामनी एकदम लिहू नये म्हणून लागणाऱ्या कुलपांचंही बघा. लिनक्सवर डीफॉल्ट 'एफसीएनटीएल, डॉटलॉक' आहे, फ्रीबीएसडीवर 'फ्लॉक, डॉटलॉक' (डॉटलॉक म्हणजे वेगळी कुलूप-फाइल, बाकी दोन कर्नलची कुलपं). डोव्हकॉट मात्र एमबॉक्स (सगळी मेल एकाच फाइलमध्ये) लिहिताना आधी डॉटलॉक घेतो आणि मग एफसीएनटीएल. लिनक्सवर हा उलटा क्रम असा की दोघं एकमेकांची वाट बघत बसू शकतात. क्रम जुळवून घ्या, नाहीतर मेलडिर (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) वापरा म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

ओम्निओएसला 'युनेम' विचारलं तर अजूनही सनओएस ५.११ असं उत्तर येतं, त्यामुळे मेकडेफ्स त्याला सोलारिसच्याच रांगेत बसवते आणि सॉकेट, एनएसएल या लायब्ररी स्वतःहून जोडते. इथे सेंडमेल /यूएसआर/लिब मध्ये, एलियस /ईटीसी/मेल मध्ये, टेबलं 'डीबीएम'. लिनक्सवरचं मेन डॉट सीएफ जसंच्या तसं इकडे आणू नका. आधी दोन्हीकडे 'पोस्टकॉन्फ -डी' चालवून डिफ मारा (फरक काढा), 'पोस्टकॉन्फ -एम' ने कोणते टेबल-प्रकार बांधले गेलेत ते पाहा, आणि मगच ओळी लिहा.

चालू सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायची असेल तेव्हा 'मेक अपग्रेड' वापरा, ते सध्याची सेटिंग्ज जपतं. कुठले फ्लॅग दिले होते हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही. ते इन्स्टॉलसोबत येणाऱ्या मेकडेफ्स डॉट आउट फाइलमध्ये असतं, नेहमीच्या मांडणीत /ईटीसी/पोस्टफिक्स मध्येच. तिचीही बॅकअपमध्ये भर घाला.