डावीकडची सायकल

मेंदूला इजा झालेल्या माणसाला पुन्हा गाडी चालवता येईल का, हे तपासणं माझ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमवून देण्याच्या, कामाचा भाग आहे. ते काका आले तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक येऊन तीन महिने झाले होते. हातापायांत ताकद परतली होती, बोलणं स्वच्छ होतं. डोळे तपासताना तक्त्यावरची शेवटची ओळही त्यांनी वाचली होती. काकू म्हणाल्या, "सगळं पहिल्यासारखं झालंय. आता गाडीचं तेवढं बघा."

टेबलावर बसल्यावर मला शंका आली. त्यांनी काढलेल्या घड्याळात सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबलेले. पानभर विखुरलेल्या ताऱ्यांवर काट मारायला दिली, तर डावीकडचे तारे तसेच राहिले. पण नुसत्या कागदावरून कुणाची गाडी बंद करणं मला पटत नाही, म्हणून रस्त्यावर चाचणी घ्यायची ठरवली. गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक होता, मी मागे बसले.

क्लच, गिअर, आरसे, सगळं अगदी सफाईदार. वर्षानुवर्षं हातापायांत मुरलेली ही सवय मेंदूच्या वेगळ्या भागांत साठलेली असते, ती शाबूत राहू शकते. डिमेन्शियातही, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाते त्या आजारातही, घरचे इथेच फसतात. ओळखीच्या मोकळ्या रस्त्यावर छान चालवताना पाहून त्यांना वाटतं, काही बिघडलेलं नाही. कस लागतो तो अनपेक्षित क्षणी, एकदम दोन-तीन गोष्टींकडे बघावं लागतं तेव्हा.

गाडी हळूहळू डावीकडे सरकत होती. एका वळणावर डाव्या बाजूने सायकलवर एक मुलगी आली आणि प्रशिक्षकाने करकचून ब्रेक दाबला.

"उगाच ब्रेक का मारलात?" काका चिडले.

"सायकल होती."

"कुठे होती सायकल?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे उत्तम होते, पण मेंदूच्या उजव्या बाजूची, डावीकडे लक्ष देणारी यंत्रणा दुखावली होती आणि ती दुखावल्याची जाणीवही मेंदू देत नव्हता. अर्धांगवायू झालेल्या काही रुग्णांना आपलं अंग लुळं पडल्याचं कळतच नाही, हे पाहून फ्रेंच मेंदूतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी 1914 साली या अवस्थेला अॅनोसोग्नोसिया म्हटलं. अशा माणसाला 'हट्टी' म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

परत आल्यावर मी गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. तेही त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बघा, आहे का सायकल?" पडद्याची डावी बाजूही त्यांच्यासाठी नव्हतीच! मग मी लॅपटॉप त्यांच्या उजवीकडे सरकवला, पडद्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि म्हटलं, "काका, आधी ही पट्टी शोधा, मग तिथून उजवीकडे बघत या." पट्टी सापडायला वेळ लागला. मग मुलगी दिसली. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हीच पट्टी गाडीच्या काचेला लावली तर?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "इथे पट्टी शोधेपर्यंत आम्ही थांबलो. रस्त्यावर ती मुलगी थांबणार नाही."

गाडी आत्ता बंद. कायमची म्हटलं नाही, कारण स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे लक्ष बरंच सुधारू शकतं. सराव चालू ठेवून पुन्हा चाचणी घेणार आहोत. डिमेन्शियात अशी आशा दाखवता येत नाही. तिथे आज चाचणीत पास झालेल्यालाही ठरावीक काळाने पुन्हा तपासावं लागतं.

काकूंना मी सांगू का, असं काकांना विचारलं. "नको, मीच सांगतो," म्हणाले. मग आम्ही तिघांनी आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे कोण नेणार त्याचं नाव घातलं. फिजिओथेरपी, बाजार, बहिणीचं घर, सगळं जुळलं. संध्याकाळच्या पत्त्यांच्या अड्ड्यापुढे मात्र जागा रिकामी. "ते राहू द्या," काका म्हणाले. मी राहू दिलं नाही. गाडी सुटली की माणसं पहिल्यांदा अशाच फेऱ्या सोडतात आणि घरात खचत जातात. काकूंनी त्यांच्या मित्राला फोन लावून काकांच्या हातात दिला. मित्र रोज त्यांच्याच घरावरून जात होता.