सिमेंटच्या आड कुजलेला ओंडका

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आग्नेय भागातलं, चुनखडीच्या जोत्यावर पांढऱ्या ओकचे ओंडके रचून बांधलेलं एक जुनं शेतघर आम्ही दुरुस्त करत होतो. वसाहत करणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३पासून लागू झाला. १६० एकर नावावर व्हायचे तर पाच वर्षं तिथे राहून जमीन कसावी लागे आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करावे लागत. अशा वस्तीचा पुरावा म्हणजे हे घर. त्यावर कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात, म्हणून ओंडका बदलायला मी सहजी तयार होत नाही.

त्या दिवशी उत्तरेच्या भिंतीत तळाच्या ओंडक्यात टोच्या मुठीपर्यंत गेला. वरच्या ओंडक्यात ओलावा १४ टक्के, इथे ३८. तिशीच्या आसपास बुरशीला रान मोकळं मिळतं. दोष ओंडक्यांमधल्या दरजांत होता. मूळची माती-चुन्याची भर काढून कुणीतरी सिमेंट भरलं होतं. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट जागचं हलत नाही. मधे केसाएवढी फट पडते, पाऊस आत शिरतो आणि ओल सुकायला वाटच उरत नाही. त्यात भिंतीलगत माती चढलेली.

भिंतीच्या दोन्ही अंगांना तुळया बोल्टने आवळल्या, खाली २० टनी जॅक लावले. एका वेळी ३ मिलिमीटर उचलायचं, ओळंबा बघायचा, ठोकळे सरकवायचे. तिसऱ्या उचलीला कोपरा करकरला. ओंडके एकमेकांत अडकवायच्या खाचेत मुरलेल्या सिमेंटने सांधा धरून ठेवला होता आणि वरचा ओंडका चिरू लागला होता. जॅक तातडीने उतरवले. करवतीचं नुसतं पातं खाचेत घालून सिमेंट कापत बसलो. दुपार त्यातच गेली. मग १२ मिलिमीटरची उचल पुरली.

सहा मीटरपैकी अडीच मीटरच कुजलं होतं, तेवढंच कापलं. नवा तुकडा ओकच्या गाभ्याचा. जोड अर्ध्या-अर्ध्या जाडीचा, ७५ सेंटिमीटर लांब. बोल्ट स्टेनलेसचेच हवेत, ओकमधल्या टॅनिनने साधं लोखंड गंजतं.

दरजांसाठी एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यात जनावराचे केस. भरीचा माथा वरच्या ओंडक्याच्या आत दबलेला आणि बाहेरच्या अंगाला उतरता ठेवायचा. सपाट राहिला तर पाणी तिथेच थबकतं. चुना हळू सुकावा म्हणून भरीवर ओलं गोणपाट काही दिवस लागतंच, आणि गारठ्याच्या रात्री सुरू व्हायच्या आत हे उरकावं लागतं, कारण ओला चुना गोठला की भुसभुशीत होतो.

तुकडा बसवण्याआधी त्याच्या आतल्या, झाकल्या जाणाऱ्या अंगावर पटाशीने चालू वर्ष कोरलं.